दादांनी पुढं सरकवलेलं ताट

दादा गेले त्याला दीड महिना झाला. मातीला आलेला जो तो म्हणत होता, "लई शांत मानूस हुता." मी घरातली पहिली बी.ए.; लिहिता येतं म्हणून खरं ते लिहिते. माझे वडील शांत नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या जामखेड भागात विहिरींनी तळ दाखवला. घरात सरकारी सुकडी आणि मिलोची लाल भाकरी, तीही पोटभर नाही. आई-दादा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. एक दिवस आईनं तिथल्या पिंपातून स्वतःच्या हातानं तांब्या भरला. मुकादमानं तो हिसकावला नि पाणी मातीत ओतलं. "किरिस्ताव झाली म्हनून जात गेली का गं?" दादांनी थेट हात चालवला. मुकादमाचा दात पडला आणि आमचं काम त्याच दिवशी सुटलं...

चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं; येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात फिरायचं. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याशी समेट केल्याशिवाय त्यातली भाकर घ्यायची नाही, अशी आमच्यात रीत. बहुतेक जण तो समेट मनातल्या मनात उरकतात. दादांनी मात्र ताट तसंच पुढं सरकवलं. सगळ्या मंडळीनं पाहिलं. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आई लाजेनं अर्धी झाली. शेवटी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "देवानं क्षमा केलीय, असं समजा."

"केली असंल. पन दात काय देवाचा पडला न्हाई."

"मग जाऊन या त्याच्याकडं."

"त्यानं पानी वतलं, साहेब! आन् म्या त्याच्या पाया पडू?"

"पाया पडू नका. तुमचं चुकलं तेवढं बोला."

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दादा निघाले. "पुन्यांदा हानतील, ध्यान ठिव," म्हणत आईनं मला मागं धाडलं. वाटभर ते पुटपुटत होते, "प्रभू, हात धर माझा."

मुकादम खडीच्या ढिगाशी उभा होता. "काय रं, दुसरा दात न्यायला आलास?" भोवतीची माणसं हसली. दादांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले. बोटं पांढरी पडलेली मला मागून दिसत होती.

"हात उचलला त्ये माझं चुकलं. माफी करा. पन पानी वतलं त्ये तुमचं चुकलं. त्ये बी सांगायला आलतो."

हसणं थांबलं. मुकादमानं माफी दिली नाही, कामही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ताट आलं तसा दादांनी तुकडा उचलला... आणि कितीतरी वेळ नुसता तळहातावर धरून बसले.

पुढं राग आला की ते हात मागं बांधून अंगणात येरझाऱ्या घालायचे. "निगाले बघा प्रभूला हात द्यायला!" आई चिडवायची. त्यांच्या चालण्यानं पडलेल्या पट्ट्यावर अजून गवत उगवलेलं नाही.

राग त्यांचा शेवटपर्यंत गेला नाही. पण खडीच्या ढिगापासून परत आल्यावर दादांनी आयुष्यात कुणाला मारलं नाही.