भवानीचा नमस्कार

सकाळची भवानी झाली की आमच्या कोपऱ्यावरच्या फुलवाल्या सुमनमावशी पैसे कपाळाला लावत. नोटा जाऊन फोन आले, तरी रीत राहिली. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवरच्या हिरव्या खुणेला बोट टेकवून त्या ते कपाळाला लावत. भवानीच्या पैशांवर संशय घेऊ नये म्हणून ते जमा झाले का, हेही बघत नसत.

परवा त्यांच्या सुनेने खातं तपासलं. रोज पहिला हार नेणारे सभ्य गृहस्थ नकली अॅपवरची खूण दाखवत होते. हार म्हणे देवाला जायचा!

"अहो, मी त्याच्या लबाडीला नमस्कार करत होते," मावशी म्हणाल्या.

मला संताप आला. खोटी नोट निदान उजेडात धरून बघता यायची. इथे बँकेच्या कुलपाला ओरखडासुद्धा नाही आणि बाई मात्र लुटली गेली. मग हे सुरक्षित म्हणायचं तरी कुणासाठी?

आज भवानी माझी होती. मी पैसे पाठवले. एरवी आधी हातात फुलांचा पुडा देणाऱ्या मावशी तो घट्ट धरून, पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या नव्या डब्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. डबा बोलला, तेव्हा पुडा मिळाला.

कपाळाकडे हात मात्र गेला नाही.