ओव्हनच्या काचेवरचं स्वस्तिक

इंदुताईंचा राग हुडकेश्वर रोडच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या परिचयाचा होता. दूधवाल्याच्या हातून थेंब सांडला तर तो त्या काही बोलायच्या आतच कान पकडायचा. भाजीवाला त्यांच्या फाटकाशी पोहोचण्यापूर्वीच जून भेंडी वेचून बाजूला करायचा. तरी विरजण मागायला, बाळाला उचकी लागली म्हणून विचारायला, गल्ली त्यांच्याकडेच यायची. रागावत रागावत त्या सगळं द्यायच्या.

माहेर त्यांचं भिवापूरचं. लग्न होऊन त्या खापरखेड्याच्या कॉलनीत आल्या. नवरा रामाजी वीज केंद्रात बॉयलरवर फिटर. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात कढईत रेती तापवून त्यावर त्या नानखटाई भाजायच्या आणि ती पूर्ण कॉलनीत वाटायच्या. रामाजी निवृत्त होऊन दोघं हुडकेश्वर रोडला राहायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय पायजे तुले?" इंदुताईंनी ना पाटल्या मागितल्या, ना काशीयात्रा. वर चार बर्नर आणि खाली काचेच्या दाराचा ओव्हन असलेली शेगडी मागितली.

ती बसवणाऱ्या मिस्त्रीनं जाताना एक गोष्ट सांगितली होती. "काकू, ही काच मजबूत असते. पण हिचा जीव कडेत असतो. कडेचा टवका उडाला की मग भरोसा नाही. आज टिकेल, उद्या टिकेल, आणि एक दिवस तापल्यावर सगळीच्या सगळी दाण्यांसारखी अंगावर येईल."

इंदुताईंनी ते मनात कोरून ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी त्या दाराची तपासणी व्हायची. ओव्हन पूर्ण थंड. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्यानं काच पुसायची. तारेची घासणी त्या खोलीत ठेवायचीसुद्धा बंदी. मग दाराभोवतीचं रबर बोटानं चाचपायचं, बिजागऱ्या खाली दबल्या नाहीत ना ते दार हळूच सोडून पाहायचं आणि शेवटी टॉर्च लावून कडांवरून नजर फिरवायची. दारावर कोणी भांडं टेकवलं, गरम काचेला ओलं फडकं लावलं किंवा मुठीवर टॉवेल वाळत घातला, तर त्या माणसाचं काही खरं नसायचं. टॉवेल नेहमी रामाजींचाच असायचा.

यंदा खंडेनवमीला रामाजींनी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. प्लांटमध्येही त्या दिवशी बॉयलरला हार घालायचे, पान्यांना हळदकुंकू लावायचे. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. स्कूटर झाली, मिक्सर झाला, पाण्याची मोटर झाली. ओव्हनच्या काचेवर त्यांनी खालच्या कोपऱ्यात सोनेरी स्वस्तिकाचं स्टिकर चिकटवलं. इंदुताईंना ते कोपऱ्यात का, मधोमध का नाही, असं वाटलं खरं. पण पूजेचं स्वस्तिक. ते कोण काढणार? त्या दर रविवारी त्याच्याभोवतीनं फडकं फिरवायच्या आणि टॉर्च तेवढा कोपरा सोडून द्यायचा.

मुलगा दुर्गेश बुटीबोरीला कामाला जायचा. त्याची बायको रितिका सातव्या महिन्यात होती. तिला नानखटाई शिकायची होती. ओव्हनमधला दिवा गेलेला, म्हणून ती लाकडी पाट घेऊन दारासमोर बसायची आणि मोबाइलचा उजेड पाडत, नाक काचेला लागेल इतकी वाकून, आत रंग आला का ते पाहायची. पोट त्या काचेच्या वीतभर अंतरावर.

पुढच्या रविवारी तिचं डोहाळजेवण होतं. त्यासाठीच्या नानखटाईची पहिली खेप भाजायला लावण्याआधी इंदुताई या रविवारी सकाळी काच पुसायला बसल्या. उष्णतेनं स्टिकरचं टोक काळं पडून वर आलं होतं. त्यांनी मनातल्या मनात नमस्कार केला आणि ते नीट बसवायला बोट दाबलं.

बोटाला काहीतरी कचकन लागलं. रक्ताचा थेंब आला.

त्यांनी स्टिकर ओढून काढलं. खाली काचेच्या कडेचा ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडालेला होता.

"आयकता का!" ही हाक गच्चीवर झाडांना पाणी घालणाऱ्या रामाजींपर्यंत तर पोहोचलीच, शेजारच्या घरातला रेडिओही बारीक झाला.

रामाजी खाली आले. इंदुताईंच्या हातातलं स्टिकर पाहून दारातच थबकले.

"हे काय हाय?"

"स्वस्तिक हाय वं."

"ते मले दिसते! त्याच्या खाली काय हाय?"

रामाजींनी गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं. "बिजागरी ढिली वाटून राहिली होती. म्हनलं कसून देऊ. पाना घसरला."

"कधी?"

"नवमीच्या आदल्या दिवशी."

"आणि तुम्ही त्याच्यावर देव चिकटवला!" इंदुताईंचा आवाज फाटला. "जिंदगी बॉयलरपुढं गेली तुमची. तिथं असा टवका उडाला असता तं काय केलं असतं? स्टिकर लावलं असतं? साहेबानं घरी नसतं पाठवलं?"

"तिथं सांगतलं असतं."

"मंग इथं काहून नाही सांगतलं?"

रामाजी पंच्याचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"ती पोर रोज इथं बसते! पोट घेऊन बसते! मिस्त्री काय बोलला होता ते तुम्ही माह्यासोबत आयकलं होतं. तुमच्या कानानं आयकलं होतं. आणि तुम्ही रोज चहा पेत तिच्याकडं पाहात बसता, 'जमून राहिली वं पोरी' म्हणता! तुम्हाले काही वाटलं नाही?"

"वाटत होतं ना. म्हणून तं मी जवळच बसत होतो."

"बसून काय करणार होते? काच झेलणार होते?"

"तुह्या भेवानं नाही सांगतलं," रामाजी एकदम म्हणाले. आवाज चढलेला होता. त्यांचा आवाज असा चढलेला त्या घरानं क्वचितच ऐकला असेल. "टॉवेल ठेवला तं दोन दिवस आयकाव लागते. हे सांगतलं असतं तं पुढच्या पोळ्यापर्यंत आयकाव लागलं असतं. नवी काच आणून गुपचूप बसवून घेईन म्हनलं. दुकानदार म्हणे, काच दिवाळीनंतर येईल."

"म्हणजे माहीच चूक! पाना तुमचा, खोटं तुमचं, आणि चूक माही!" इंदुताईंनी फडकं ओट्यावर आपटलं. "रितिकेच्या तोंडावर काच आली असती तं तिच्या मायबापाले हेच सांगतलं असतं का, की माह्या बायकोचं भेव वाटे?"

"आई." रितिका जिन्याच्या पायरीवर उभी होती. कठड्याला धरून, सावकाश एकेक पाय टाकत ती खाली आली. "बाबांना नका बोलू. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"टवका. बाबा स्टिकर लावत होते तेव्हा मी पाहिलं."

इंदुताईंना क्षणभर कळेचना. "पाहिलं? आणि तरी तू तिथं बसत होतीस?"

"नसते बसले तर तुम्ही विचारलं असतं, काहून नाही बसत. मग बाबांचं सांगावं लागलं असतं. मग घरात..." तिनं पुढचं सोडून दिलं. "मला वाटलं, काही नाही होत."

इंदुताई एकदा काचेकडे आणि एकदा सुनेकडे पाहत राहिल्या. त्यांना अजून रागच येत होता, आधीपेक्षा जास्त येत होता. पण तो आता रामाजींच्या अंगावर टाकता येईना, रितिकेच्या तर नाहीच. त्यांना शांत झालेलं पाहून रामाजी जास्तच घाबरले. "पाणी देऊ का वं?" त्यांनी विचारलं.

"काही नको." मग त्या रितिकेकडे वळल्या. "आणखी काय लपवलं हाय माह्यापासून? आत्ताच सांग."

रितिका रामाजींकडे पाहू लागली.

"त्यायच्याकडं काय पाहतेस? त्यायलेबी माहीत हाय का?"

"नाही. दुर्गेशला माहीत आहे फक्त." रितिकेचे डोळे भरले. "परवा तपासायला धंतोलीला गेलो ना, बीपी वाढलंय म्हणाल्या डॉक्टर. पायावर सूजही आहे. झोपून राहा म्हणाल्या. दगदग नको. पण तुम्ही सगळ्यांना बोलावलंय, साडी आणली, फुलांचे दागिने सांगितले..."

"म्हणून तू अशी हिंडून राहिली? पाटावर बसून राहिली?"

"हो."

इंदुताईंच्या मानेची शीर ताठ झाली. रामाजींनी सवयीनं डोळे मिटून घेतले. पण काही आपटलं नाही. इंदुताईंनी सुनेचा दंड धरला, तिला पुढच्या खोलीत नेऊन दिवाणावर आडवं केलं, लोड ओढून पायांखाली घातला आणि साडी जरा वर सारून घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला. तो भरून येईपर्यंत त्या तशाच वाकून राहिल्या.

"दुर्गेश बुटीबोरीहून आला की पाहते त्याले," त्या म्हणाल्या. "तू पडून राहा. उठायचं नाही. पाणी पाहिजे तं हाक मार. आणि माहा राग आला तं मले तोंडावर सांग, आयकून घेईन. नाही आयकलं तं पुन्हा सांग."

मग दारात उभ्या असलेल्या रामाजींना म्हणाल्या, "पाना कुठं हाय तुमचा?"

"काहून?"

"ते दार उतरवा. जाड गोणपाटात गुंडाळा आणि गच्चीवर नेऊन ठेवा, कुणाच्या पायात नको. हातात मोजे घाला आधी! आता काय बोटं कापून घेता का?"

रामाजी लगबगीनं मोजे शोधायला गेले. इंदुताईंनी भिवापूरला मोठ्या बहिणीला फोन लावला. डोहाळजेवण रद्द. नाही, पुढं ढकललं नाही, रद्द. काहून म्हणजे? पोरीची तब्येत बरी नाही म्हणून. लोक काय म्हणतील ते लोकायले म्हणू दे. तुह्याकडं सांगतलेल्या दागिन्यांची फुलं आली तं गाईले घाल. पलीकडून बहीण काहीतरी समजावत असावी, कारण इंदुताईंचा आवाज अख्ख्या गल्लीत जाऊ लागला. "आवं, आयकून नाही राहिली का तू? माह्या सुनेले झोपून राहा म्हणून सांगतलं हाय!"

दिवाणावर रितिकेनं डोळे मिटले. स्वयंपाकघरात बिजागरीचा पहिला स्क्रू करकरत ढिला झाला.