दाजींची तळ्यातली लेकरं

डोळ्यांना न दिसणाऱ्या लेकरांवर इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. कळंबकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात सांडपाण्याची तळी त्यांच्याकडे होती. त्या तळ्यांत घाण खाऊन पाणी स्वच्छ करणारे जंतू असत आणि दाजी त्यांनाच लेकरं म्हणत. पाणी आंबट झालं की चुना घालत, जंतू वाढावेत म्हणून शेण कालवत. माझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि हे निघाले. मी म्हटलं, "दाजी, जेवून तरी जा." तर म्हणाले, "तिकडं लेकरं उपाशी हायती." नवरीकडच्या बायका अक्काकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या.

एका दुष्काळात दिवाळीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. यंत्रं धुतलेला कॉस्टिक सोडा कुणीतरी न सांगता तळ्याकडे जाणाऱ्या गटारात सोडला आणि तळ्यातले जंतू मेले. एरवी साफ झालेलं पाणी उसाला जाई. हे काळं पाणी कशालाच चालणारं नव्हतं, आणि तळी तर काठोकाठ भरलेली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "ओढ्यात सोडा." दाजींनी ओढ्याकडच्या झडपेला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि तिथंच बसले.

"साहेब, खाली ओढ्यात बाया झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरतेत. तेवढंच हाय त्यांना."

"मग कारखाना बंद ठेवू?"

"व्हय. आठ दिस."

दाजींची नोकरी गेली, असंच मला वाटलं. साहेबांनी काळ्या पाण्याकडे पाहिलं आणि गाळप थांबवायला सांगून ते निघून गेले.

मग आम्ही दोघं घरोघर शेण मागत फिरलो. येरमाळ्याच्या शाळेतला मी मास्तर, दिवाळीची नवी पँट घालून डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहत होतो. नवव्या दिवशी सकाळी दाजींनी मला तळ्यावर नेलं. पाण्यावर बारीक बुडबुडे येत होते. "आली," एवढंच ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले.

हंगाम संपल्यावर त्यांची वजनकाट्यावर बदली झाली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. आता दाजींना जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी त्या ओढ्याकाठी एक म्हातारी भेटली. त्या दुष्काळात झऱ्याचं पाणी कसं होतं, असं मी तिला सहज विचारलं.

"घागर भरायला लई वेळ लागायचा, बाबा," ती म्हणाली. "पण पाणी गोड होतं."