मागच्या रांगेतला श्वास

दाभोशाच्या सोम्याने चाळीस वर्षं लग्नसराईच्या बँडमध्ये नळी मागेपुढे सरकवत फुंकायचा पितळी ट्रॉम्बोन वाजवला, तोही कायम मागच्या रांगेत. पुढे मिरवायचा मान ट्रम्पेटवाल्याचा. गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं, तोंड एका बाजूला ओघळलं आणि चूल फुंकण्याइतकीही फुंकर राहिली नाही.

मग सून वर्षाने मोबाइलवर परदेशातलं जुनं जॅझ शोधून दिलं. त्यात म्होरक्या ट्रॉम्बोनवालाच, बाकीचे सगळे त्याच्या मागे!

"बघ गं, आपला मानूस!" सोम्या बोबडं बोलला. "मेल्यांनी मला जलमभर मागं ठेवला."

त्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ओळीआधी वाजवणाऱ्याने घेतलेला श्वास ऐकू येई. सोम्याही त्याच्याबरोबर छाती भरून घेई आणि सूर लागला की श्वास सोडी. एवढंच वाजवणं त्याच्या हाती उरलं होतं.

आज तो श्वास ऐकू आला, सोम्याने छाती भरली आणि नेटवर्क गेलं. वर्षा मोबाइल उंच धरून अंगणभर फिरली. पडद्यावरचं चाक नुसतं गरगरत राहिलं.

"बाबा, सोडा ना श्वास!" ती घाबरली.

सोम्याने नकारार्थी मान हलवली. सूर अजून आला नव्हता.