प्रभुलिंग हत्तुरे यांच्या नावचं लाईट बिल

पाणी पिण्याआधी प्रभुलिंग छातीवरच्या इष्टलिंगाला बोट लावायचा. पाणी लहान फुलपात्रातून, दिवसाला चार फुलपात्रं. पाचवं नाही. शेंगाचटणीचा डबा उघडायचा, नुसता वास घ्यायचा, झाकण लावायचा. समोरच्याची कॉलर मुडपलेली दिसली की बोलता बोलता सरळ करायचा. कागद असो की पिशवी, घडीच्या कडेवरून नख फिरवायचा. डाव्या हाताला कुणाला धरू द्यायचा नाही. आणि भिंतीवरचं घड्याळ साडेचार तास मागे ठेवायचा.

ते घड्याळ इफेओमाचं होतं. तिच्या गावात किती वाजले ते त्यात दिसायचं.

कुंडलिकला हे सगळं पाठ होतं. मराठीत एम.ए. करून तो नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाईप करायचा. मागच्याच बोळात प्रभुलिंगचं घर. वयात दहा वर्षांचं अंतर, म्हणून तो त्याला अण्णा म्हणायचा.

प्रभुलिंग अकरा वर्षं मस्कतला होता, एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात. इफेओमा नायजेरियाची, तिथल्याच स्वयंपाकघरात. सात वर्षं दोघं एकमेकांची होती. लग्न कागदावर आलं नाही. मग त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तो सोलापूरला परतला. तिचं कंत्राट संपलं, ती तिच्या देशात गेली. इथं डाव्या हातातून आठवड्याला तीन डायलिसिस सुरू झाले. हृदयही थकलंय, असं डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. आपण बसून बोलू शकतोय तोवर तिनं एकदा या घरात यावं.

तिच्या व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र कुंडलिकनं टाईप केलं. प्रभुलिंगची आई निंगव्वा शेजारी बसून होती.

"भाकरी खाती का रं ती?"

"खाईल की, अव्वा," प्रभुलिंग म्हणाला.

"आन तिखट?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

"मग एवढी कागदं कशाला लागत्यात? तिखट खाती म्हणून लिही की त्यात, कुंडलिका."

राहत्या घराचा पुरावा हवा होता. आधारवर आणि पासपोर्टवर मंद्रूपचा पत्ता, गावाकडचा. निंगव्वानं देवाच्या फळीवरून लाईट बिल काढलं.

"हे घे. अप्पाचंच नाव हाय त्यावर."

ती मुलाला अप्पा म्हणायची. प्रभुलिंग हे तिच्या सासऱ्यांचंही नाव. सासऱ्यांचं नाव तिनं तोंडातून कधी काढलं नव्हतं, म्हणून मुलाचंही काढलं नाही.

कुंडलिकनं बिल पाहिलं. प्रभुलिंग विरुपाक्ष हत्तुरे. अक्षर न् अक्षर जुळत होतं. त्यानं ते जोडलं.

दीड महिन्यानं इफेओमाचा व्हिडिओ कॉल आला. अर्ज नामंजूर. व्हिसा कचेरीच्या खिडकीवरच्या माणसानं बिलाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं होतं. वीजजोडणी १९७४ ची. प्रभुलिंगचा जन्म १९८६ चा. दुसऱ्याचा कागद स्वतःचा म्हणून लावला, असा शेरा पडला होता.

"तो मला विचारत होता," ती इंग्रजीत म्हणाली, "तुझा माणूस जन्माच्या आधीपासून वीज वापरतो का?"

प्रभुलिंग हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि तो लवकर थांबला नाही.

बिल आजोबांचं होतं. हत्तुऱ्यांच्या घरात नातवाला आजोबांचं नाव देतात. पणजोबा विरुपाक्ष, आजोबा प्रभुलिंग, वडील विरुपाक्ष, मग हा. बापाच्या नावासकट दोघं सारखे. आजोबा २००१ साली मंद्रूपच्या शेतावर वारले. तिथंच पुरलं. मृत्यूची नोंद कुणी केली नाही. बिलही कुणी बदललं नाही. नाव तर तेच होतं.

"अण्णा, तारीख मी बघायला हवी होती."

"तू मराठीचा एम.ए. हायस. तारखा इतिहासवाल्यांनी बघायच्या."

पुन्हा अर्ज करायचा तर बिल त्याच्या नावावर हवं. त्यासाठी आजोबांच्या मृत्यूचा दाखला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या मृत्यूची नोंद करायला तहसील कचेरीतल्या साहेबांचा आदेश. साहेब सोमवारीच भेटायचे. डायलिसिसही सोमवारी असायचा. प्रभुलिंगनं तीन सोमवारचे डायलिसिस बुडवले.

"मी एकटा जातो," कुंडलिक म्हणाला होता.

"अर्जदार मी हाय. उगं परत पाठवतील."

तिसऱ्या सोमवारी निंगव्वाला जबाबासाठी उभं केलं.

"सासऱ्याचं नाव सांगा, आजी."

तिनं मुलाकडे बोट केलं. "ह्याचंच."

"ह्याचं नाव काय?"

"अप्पा."

मागच्या बाकावर लोक हसले. कारकुनानं पेन खाली ठेवलं. "आजी, दुपार झाली की." शेवटी कुंडलिकनं नाव वाचून दाखवलं आणि तिनं मान हलवली. प्रभुलिंग भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या चपलांचे पट्टे सुजेत रुतले होते.

गुरुवारी संध्याकाळी दाखला हातात आला. प्रभुलिंग तसाच कुंडलिकच्या दुकानात आला आणि बिलावरचं नाव बदलायचा फॉर्म स्वतः भरायला बसला. अक्षर मोठं, सरळ. दोन्ही रकाने भरून त्यानं पेन ठेवलं.

"सही उद्या करतो. दम लागलाय."

फॉर्मची घडी घातली. कडेवरून नख फिरवलं. कुंडलिकची कॉलर सरळ केली आणि गेला.

शुक्रवारी सकाळी डायलिसिसला जाताना तो रिक्षातच गेला. मंद्रूपला आजोबांच्या शेजारी त्याला पुरलं.

इफेओमाला कुंडलिकनं प्रभुलिंगच्या घरातून कळवलं. ती म्हणाली, "तिथं किती वाजलेत?" कुंडलिकनं भिंतीकडे पाहून वेळ सांगितली. ती तिचीच वेळ होती.

फॉर्म अजून दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे. जुना ग्राहक: प्रभुलिंग विरुपाक्ष हत्तुरे. पुढे कंसात, मयत. नवा ग्राहक: प्रभुलिंग विरुपाक्ष हत्तुरे. खाली सहीची जागा रिकामी आहे.