विलासदादा आणि विमानांचा धूर

विलासदादाला धूर लागला नव्हता.

एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. आज त्याला जाऊन वर्ष झालं. चुका सांभाळून घ्या.

आम्ही दोघं तारापूरच्या एकाच केमिकल कंपनीत, एकाच शिफ्टला. तो जवळच्याच पाम गावचा. मी मूळचा साताऱ्याचा, शेजारच्या कुंभवली गावात भाड्याने राहणारा.

त्याला वेड एकच. एअरफोर्सच्या जेट टीमचे फोटो.
सेकंडहँड कॅमेरा, हातभर लांब लेन्स, आणि कुठे एअर शो आहे कळलं की साहेबाकडे रजेचा अर्ज. मलाही त्यानेच नादाला लावलं.

गेल्या वर्षी गुजरातेत एका शोला गेलो.

मैदानात पोचल्यावर लोक सावली शोधत होते. आम्ही आधी वारा बघितला. गॅस सुटला की वाऱ्याला आडवं पळायचं, हे कंपनीने डोक्यात इतकं ठोकलंय की आम्ही लग्नाच्या मांडवातही वारा बघतो.

"विमानांचा धूर तिकडं जाईल. आपण हितंच उभं राहू," दादा म्हणाला.

नऊ विमानं आली. पंखाला पंख लावून.
मग दोन जेट समोरासमोर सुटली. लेन्समधून वाटलं, आता आदळणारच.
मी ओरडलो, "गेली रे, गेली!"

दादा हसला. "लेन्स खोटं दाखवते. दुसरा डोळा उघडा ठेव. बघ, किती लांब हायेत."

तेवढ्यात वारा फिरला. विमानांनी सोडलेला पांढरा धूर आमच्या अंगावर आला. दादा खोकला, छाती चोळायला लागला.

"काय झालं दादा?"
"काय नाय रे, धूर लागला. तू वर बघ. आता मेन आयटम हाय."

मी वर बघितलं.
देवा, मी वरच बघत राहिलो.

कॅमेरा खाली घेतला तेव्हा त्याचा शर्ट घामाने चिंब होता. ओठ पांढरे पडलेले.
मी जाम टरकलो. आणि तारापूरचा कुठलाही माणूस करेल तेच केलं. ओला रुमाल त्याच्या नाकाला लावला, दंडाला धरलं आणि वाऱ्याला आडवं चालवायला लागलो. भरभर.

"बसू दे रे जरा."
"इथं नाही दादा! धुरात नाही बसायचं!"

मी त्याला बसू दिलं नाही.

बॅरिकेडपाशी तो कोसळला. ॲम्ब्युलन्स आली, पण उशीर झाला होता.
डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. चालवायला नको होतं.

त्या दिवसाचं मेमरी कार्ड मी उघडलंच नव्हतं. भीती वाटायची. प्रत्येक फोटोची वेळ त्यात असते. त्याची छाती दुखत असताना मी किती वेळ विमानं टिपत होतो, ते मला कळलं असतं.

आज सकाळी पामला दादाच्या घरी, वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "लाव ते कार्ड."

धुराने पांढरी झालेली फ्रेम सापडली. तिथून शेवटच्या फोटोपर्यंत अकरा मिनिटं.

वहिनी स्क्रीनकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलून देतील. दिलं असतं तर बरंच झालं असतं.

मग खूप हळू बोलल्या,
"त्या दिवशी घरातून निघताना पण छाती चोळत होते. मी बोलली, शिफ्टला गॅस लागला असंल, दूध पिऊन जावा. पोटच्या पोरींना पण नाय सांगितला मी."

आम्ही दोघं ढसाढसा रडलो.

वहिनींना विचारूनच हे लिहितोय. आपल्याकडच्या सगळ्यांनी वाचा. छातीत दुखलं, घाम फुटला की धूर, गॅस म्हणून सोडून देऊ नका. माणसाला आहे तिथं बसवा. ॲम्ब्युलन्स बोलवा.

विलासदादा, तुला मनापासून श्रद्धांजली.
आम्हा दोघांना माफ कर.