हंगरुन पेढी बुडाली त्याची गोष्ट

शांघायच्या उत्तर बाजारात आ-शिंग घरोघर जाऊन बायकांचे केस विंचरायची. तिचा नवरा गनफा हंगरुन पेढीत कारकून होता. मालक च्यू यांच्या सांगण्यावरून त्यानं एका व्यापाऱ्याला कर्ज दिलं. व्यापारी पळाला, तसे मालकांनी हात झटकले आणि गनफानंच दलाली खाल्ली म्हणून त्याला पोलिसांत दिलं. तुरुंगातल्या तापात तो गेला.

सातव्या दिवशी मालकांकडून तांदळाचं पोतं आलं. शेजारीण म्हणाली, "फेक त्याच्या तोंडावर!"

आ-शिंगनं शेवटचा दाणासुद्धा शिजवून खाल्ला. "त्याला बुडवायचं तर मला जगायला हवं," ती म्हणाली.

मग माहेरचं नाव सांगून तिनं च्यूच्या धाकट्या बायकोकडे काम धरलं. तीन वर्षं तिच्या केसांना तेल चोळलं. तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात रबराचे शेअर कोसळले. एका सकाळी धाकटी हुंदके देत म्हणाली, "माझे पाचूही विकले गं यांनी! सगळं रबरात गेलं. रोज संध्याकाळी दुसऱ्या पेढ्यांची चांदी उसनी आणतात, तेव्हा कुठे सकाळी पेढीचं दार उघडतं."

"मान हलवू नका," आ-शिंग म्हणाली आणि अंबाडा नीट बांधून उठली.

दुपारच्या आत तिनं तीन पेढीवाल्यांच्या घरी हीच बातमी पोचवली. त्यांतल्या लू पेढीच्या मालकीणबाई, लू ताईताई, तिला जीव लावायच्या. त्या दचकल्या. "अगं, आमची तर सगळ्यात जास्त चांदी आहे तिथं!"

"मग आजच मागवा."

तिन्ही पेढ्यांची माणसं एकदमच हंगरुनच्या दारात गेली. ती पाहून ठेवीदार धावले. संध्याकाळी एकाही पेढीनं च्यूला उसनं दिलं नाही. दाराला फळ्या ठोकल्या जात असताना आ-शिंग गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"ओळखलंत का, मालक? गनफाची बायको मी. तुमच्या धाकट्या बाईंचे केस विंचरते."

च्यू मागे सरता सरता फळ्यांना टेकले. ती डोळे भरून बघत राहिली.

पण लू पेढीला आपल्या चांदीतला जेमतेम तिसरा हिस्सा परत मिळाला होता. तिलाही इतरांचं देणं होतं, त्यांना आणखी कुणाचं. आठवड्याभरात गल्लीतल्या नऊ पेढ्या बसल्या, त्यांत लूंचीही. आ-शिंगनं साठवलेले चाळीस युआन तिथंच होते.

लू ताईताईंनी केसांतले सोन्याचे काटे विकले. आ-शिंग गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून वाटलं, आपण वाचलो." आ-शिंगनं त्यांचे केस विंचरले, पैसे घेतले नाहीत. पुढेही कधी घेतले नाहीत.

म्हातारपणी शेजारणीनं विचारलं, "पस्तावलीस का गं?"

"लूंचं वाईट वाटतं," ती म्हणाली. "च्यूचं पुन्हा करीन. फक्त माझे चाळीस आधी काढून घेईन."